गाडी आली

आमची टपालाची गाडी आठवड्यातून दोनदा वर येते. म्हणजे रस्ता चालू असेल तर दोनदा. अरुणाचलातल्या या डोंगरात दरड कोसळली की दहा-दहा दिवस काहीच येत नाही. गाडी आली की शिळी वर्तमानपत्रं, बँकेची पत्रं, कुणाच्या घरून आलेली लोणच्याची बरणी आणि हल्ली ऑनलाइन मागवलेली खोकी असं सगळं एकदम उतरतं. गेल्या महिन्यात आलेलं एक खोकं वाटेत फाटलं होतं आणि त्या फटीतून एका पिवळ्याधमक बदकाचं डोकं बाहेर आलं होतं.

ते लहान मुलांना शी-शूला बसवायचं प्लॅस्टिकचं भांडं होतं. बदकाच्या पाठीत खळगा आणि मानेला धरायला दोन दांडे. आमच्या एका तरुण मेजरनं ते मागवलं होतं आणि घरच्या पत्त्याऐवजी चुकून युनिटचा पत्ता घातला होता. त्या रात्री मेसमध्ये जेवणाच्या टेबलावर मधोमध बदक विराजमान झालं. काय काय विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मेजर केरळचा. त्याची मुलगी दोन वर्षांची, आईबरोबर कोचीला असते. त्याची वीस दिवसांची कॅज्युअल लीव्ह मंजूर झाली होती. हसण्याचा भर ओसरल्यावर तो मला म्हणाला, "सर, वीस दिवसांत हे एक काम उरकून येतो. बायकोला तेवढीच मदत."

त्याचा तो 'उरकून' शब्द ऐकला आणि मला बारा-तेरा वर्षांपूर्वीचं जालंदरचं घर आठवलं. हेच वाक्य मी म्हटलं होतं. एक दिवसही इकडेतिकडे नाही, तंतोतंत हेच.

२०१२ चा जानेवारी. मी तेव्हा मेजर होतो आणि आमचं युनिट काश्मीरमध्ये तंगधारला होतं. तंगधार शम्साबारी रांगेच्या पलीकडे आहे. तिथून बाहेर पडायचं तर दहा हजार फुटांवरचा साधना पास ओलांडावा लागतो आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की तो बंद होतो. बायको आणि मुलगा जालंदर कँटला, फील्डवर गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी असतात त्या क्वार्टरमध्ये राहत होते. युनिट वर गेलं तेव्हा पोरगा तीन महिन्यांचा होता. आता सव्वादोन वर्षांचा झाला होता. मधल्या काळात मी त्याला तीन सुट्ट्यांमध्ये पाहिलं होतं. त्याचं दात येणं, रांगणं आणि पहिलं पाऊल हे सगळं मला फोनवर कळलं.

डिसेंबरात बायको फोनवर बोलताबोलता म्हणाली, "अहो, इथल्या प्ले स्कूलमध्ये एप्रिलला प्रवेश आहे. पण डायपर चालणार नाही म्हणतात. बघू."

ती 'बघू' म्हणाली आणि मी लगेच म्हणालो, "मी येतोय ना सुट्टीवर! उरकून टाकतो."

मला ती संधी वाटली. बापाचं म्हणून एकही काम आजवर माझ्या हातून झालं नव्हतं. हे एक तरी माझ्या नावावर लागेल, असा हिशेब मनात होता. हे तेव्हा कबूल केलं नसतं, आज करतो.

निघायच्या दिवशी पास बंद झाला. पाच दिवस मी बॅग भरून बसून होतो. आमचे सुभेदार साहेब त्या उतारांवर अनेक हिवाळे काढलेले. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडच्या संस्थेकडून येत, ते ते वाचत. पण त्यानंतर स्वतः बाहेर जाऊन काठी खुपसून बर्फ किती बसलंय ते बघत. ताज्या बर्फावर ऊन पडलं की मान हलवत. मी रोज सकाळी विचारायचो आणि ते रोज तेच सांगायचे, "साब, रास्ता हम नहीं खोलते. बर्फ खोलती है. हम तो सिर्फ देखते हैं." सहाव्या दिवशी पहाटे, सगळं कडक गोठलेलं असताना, त्यांनी आम्हाला पार केलं. ते काय शिकवत होते ते मला ऐकू आलं होतं, पण ते फक्त बर्फाबद्दल आहे असं मी धरून चाललो होतो.

जम्मूहून गाडी धुक्यामुळे सात तास उशिरा सुटली. तेवढ्या वेळात मी डायरीत प्लॅन लिहून काढला. अकॅडमीत शिकवलेलं सगळं त्यात होतं: उद्दिष्ट, साधनं, टप्पे, वेळापत्रक. दर पंचेचाळीस मिनिटांनी भांड्यावर बसवणे. यश मिळाल्यास बिस्किट. कालावधी दहा दिवस, राखीव पाच. खडकवासल्याला असताना पहाटे पाच मिनिटांत शंभर पोरं तयार होऊन फॉल-इन होताना पाहिलेल्या माणसाला अडीच फुटांचं एक पोर म्हणजे काय मोठं आव्हान!

पहिल्या दिवशी त्याला भांडं म्हणजे गंमत वाटली. डोक्यावर घालून सगळ्या घरात फिरला. दुसऱ्या दिवशी बसला, पाच मिनिटं बसला, उठला आणि दोन मिनिटांत गालिच्यावर शू केली. हे दिवसातून आठ वेळा झालं. जालंदरचा जानेवारी, बाहेर धुकं, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. हीटरसमोर चड्ड्यांची रांग लागली. थंडीमुळे पोराच्या अंगावर इनर, त्यावर पायजमा, वर लोकरीची विजार आणि तिला नाडी. ती मला सोडायलाच अर्धं मिनिट लागायचं. त्याला ती सोडता येत नव्हती याचा विचार माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी भांडं बघितलं की तो पळायला लागला. चौथ्या दिवशी मी आवाज चढवला. परेड ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला पोचतो तो आवाज. म्हणालो, "बस!"

तो बसला. पाठ ताठ, हात मांडीवर, खालचा ओठ थरथरत होता पण रडला नाही. दहा मिनिटं तसाच बसून राहिला. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. शिस्त लागतेय, असं वाटलं होतं. या सगळ्या हकिकतीत मला आजही कशाची लाज वाटत असेल तर ती त्या बरं वाटण्याची.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. आत जाऊन तिनं गॅस बंद केला, पोराला उचललं आणि दुसऱ्या खोलीत घेऊन गेली.

त्या दिवसापासून त्याला शी झाली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पोट टणक झालं, खाणं कमी झालं. चौथ्या रात्री तो झोपेतून उठून कळवळायला लागला, पाय घट्ट आवळून टाचांवर उभा राहिला. आम्ही सकाळी मिलिटरी हॉस्पिटलला गेलो.

बालरोगतज्ज्ञ लेफ्टनंट कर्नल बाई होत्या. त्यांनी पोट तपासलं, औषध लिहिलं आणि मग पेन खाली ठेवून मला विचारलं, "काय झालं ते सांगा." मी प्लॅन सांगितला. वेळापत्रकासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ठीक. आता मी काही प्रश्न विचारते, तुम्ही उत्तरं द्या."

"दिवसा किती वेळ कोरडा राहतो?"

मला माहीत नव्हतं.

"दुपारी झोपून उठतो तेव्हा डायपर ओला असतो की कोरडा?"

माहीत नव्हतं.

"शी साधारण कधी होते? ठरलेली वेळ आहे?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "सकाळी दूध प्यायल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी. नाहीतर मग संध्याकाळी."

"होण्याआधी काही करतो? थांबतो, कोपऱ्यात जातो, लपतो?"

"काळ्या ट्रंकेमागे जाऊन बसतो," बायको म्हणाली. मीही ते पाहिलं होतं. माझी चाहूल लागली की तो ट्रंकेमागे जायचा. मला वाटायचं, भांड्यावर बसायचं टाळायला लपतोय. त्याला तिथून ओढूनही काढलं होतं.

"आणि शी आली हे सांगायला त्याचा शब्द कुठला?"

बायको थोडी घुटमळली. "गाडी," ती म्हणाली. "एकदा तो शी करत होता तेव्हाच बाहेर फौजी ट्रक मागे घेत होते, मोठा आवाज झाला. तेव्हापासून 'गाडी आली' म्हणतो."

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. त्या चार दिवसांत पोरगा माझ्याकडे येऊन किमान पाच-सहा वेळा 'बाबा, गाडी' म्हणाला होता. प्रत्येक वेळी मी कौतुकानं त्याच्या हातात खेळण्यातली जीप दिली होती.

पाच प्रश्न विचारले गेले आणि एकाचंही उत्तर मला आलं नाही. रेकी न करता हल्ला चढवणाऱ्या लेफ्टनंटला मी स्वतः काय काय सुनावलं असतं ते मला माहीत होतं.

बाईंनी सुनावलं नाही. त्यांनी समजावलं आणि ते मी घरी येऊन डायरीत उतरवून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की, दीडेक वर्षाच्या आधी मुलाचा शी-शू धरून ठेवण्याच्या स्नायूंवर फारसा ताबाच नसतो. तो ताबा हळूहळू येतो, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. मुलींना साधारण थोडा आधी, मुलग्यांना थोडा नंतर. बहुतेक मुलं दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात, पण त्याची तारीख नसते. खुणा असतात. दोनेक तास कोरडं राहणं. दुपारच्या झोपेतून कोरडं उठणं. शीची वेळ साधारण ठरणं. होण्याआधी खेळ थांबवणं, चेहरा लाल होणं, आडोशाला जाणं. ओलं झालं की ओढून दाखवणं. स्वतःचा एखादा शब्द असणं. 'चप्पल आण आणि बाबांना दे' असं दोन गोष्टींचं सांगणं कळणं. चड्डी खाली-वर करता येणं. मोठ्यांच्या मागे बाथरूमपर्यंत जाऊन 'काय करतात' हे बघण्याची उत्सुकता असणं. सगळ्या खुणा एकदम दिसायला हव्यात असं नाही, पण बऱ्याचशा दिसायला हव्यात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्याला स्वतःला ते करावंसं वाटणं.

"लपतो हे चांगलं लक्षण आहे," त्या म्हणाल्या. "लपतो म्हणजे त्याला आधी कळतंय. तो तयार होत आला होता. तुम्ही त्याला ओढून काढलंत."

मग शी धरून ठेवण्याचं चक्र त्यांनी सांगितलं. भीतीनं किंवा दुखतं म्हणून मूल शी धरतं, धरल्यानं ती कडक होते, कडक झाल्यानं जास्त दुखतं, म्हणून ते आणखी धरतं. हे चक्र सुटल्याशिवाय भांड्याचं नावही काढायचं नाही. औषध, पाणी, पपई, पेरू, भाज्या. भांडं काही आठवडे नजरेआड. रागावणं नाही, बिस्किटाची लाचही नाही, आणि दुसऱ्यांच्या मुलांशी तुलना तर अजिबात नाही. "आणि घरात मोठा बदल चालू असेल तेव्हा सुरुवात करू नये," त्या म्हणाल्या. "बदली, नवं बाळ, घर बदलणं."

मी म्हटलं, "सध्या तसा काही बदल नाही, मॅडम."

त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी आलात, हा त्याच्यासाठी केवढा मोठा बदल आहे. सुट्टी कधी संपते?"

मी तारीख सांगितली.

"ती तारीख तुमच्या डोक्यात आहे. त्याच्या नाही."

त्या रात्री साताऱ्याला आईला फोन केला. मला वाटलं ती म्हणेल, आमच्या वेळी वर्षाच्या आत व्हायचं, तुम्हा लोकांना डायपरनं बिघडवलंय. ती तसं म्हणालीही. "तुला मी तीन महिन्यांचा असल्यापासून पायांवर बसवत होते," म्हणाली. आपल्याकडच्या घरांत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आजी किंवा आई भिंतीला टेकून पाय लांब करते, दोन पावलांच्या मध्ये बाळाला उकिडवं बसवते आणि तोंडानं 'शू शू' करते. मी विचारलं, "पण कधी बसवायचं हे तुला कसं कळायचं?"

"कसं म्हणजे? तोंड बघून. दूध प्यायलास की थोड्या वेळानं. झोपेतून उठलास की लगेच. कपाळाला आठी घालायचास तेव्हा. दिवसभर तूच तर होतास डोळ्यांसमोर."

मग थोडं थांबून म्हणाली, "तुझे बाबा तेव्हा पुंछला होते. ते आले तेव्हा तू चड्डी काढून स्वतः मोरीवर जात होतास. ते म्हणाले, शिकला वाटतं. मी म्हटलं, हो."

त्या पायांवर बसवण्याबद्दल मी नंतर बराच विचार केला. पायांवर बसलेलं तीन महिन्यांचं मूल काही शिकलेलं नसतं, शिकलेली असते ती आजी. खुणा वाचायला ती शिकलेली असते. आधुनिक डॉक्टर आणि माझी आई वरवर अगदी उलट सांगत होत्या, एक म्हणत होती थांबा आणि दुसरी म्हणत होती पाळण्यापासून सुरू करा. पण दोघींच्या सांगण्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती: मुलाकडे बघा. मी तेवढं सोडून बाकी सगळं केलं होतं.

पुढे कधीतरी या विषयावर वाचलं तेव्हा कळलं की घाईचा हा प्रयोग माझ्या आधी शास्त्रज्ञांनीही करून पाहिला होता. १९४० साली मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकन संशोधिकेनं जुळ्या मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतल्या एकाला अगदी तान्हेपणापासून तासातासाला भांड्यावर बसवलं, दुसऱ्याला बराच काळ तसंच सोडलं. दुसऱ्याला उशिरा सुरुवात करूनही तो लवकरच पहिल्याच्या बरोबरीला आला. १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञानं आपल्याकडच्या ११७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी मांडल्या. मुलाच्या तयारीच्या खुणा बघून, जबरदस्ती न करता गेलेल्या त्या मुलांचा दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना आला होता. आज डॉक्टर ज्या खुणा विचारतात त्यामागे हेच काम आहे. माझा पोरगा त्या जानेवारीत सत्तावीस महिन्यांचा होता. म्हणजे मी काही फार आधी गेलो नव्हतो. फक्त त्याला न विचारता गेलो होतो.

सुट्टीचे अठरा दिवस उरले होते. भांडं माळ्यावर गेलं. नाडीच्या विजारी गेल्या, इलॅस्टिकच्या आल्या. आणि मी बघत बसलो. डायरीत जिथे प्लॅन होता त्याच्या पुढच्या पानापासून नोंदी आहेत:

"९.१० ओला. ११.२५ ओला. १.३० ते ३.१५ झोप, उठला तेव्हा कोरडा!! ३.३० ओला."

"दूध ७.४०. ट्रंकेमागे ८.०५. मी उठलो नाही. चार मिनिटांनी शी. दुखलं नाही."

"चप्पल आणून दिली. एक माझी, एक तिची."

पहिले दोन-तीन दिवस मी जवळ गेलो की तो अंग चोरायचा. मग मी खाली गालिच्यावर लोळून वाचत पडायला लागलो. पाचव्या की सहाव्या दिवशी तो माझ्या पोटावर येऊन बसला आणि जीप माझ्या छातीवरून चालवू लागला. एकदा मी बाथरूममध्ये असताना दार ढकलून आला, गंभीरपणे सगळं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा शू." मग फ्लश त्यानं ओढला. ही नोंद मी दोनदा अधोरेखित केली आहे.

शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी तो माझ्याकडे आला, म्हणाला, "बाबा, गाडी आली." मी जीपकडे हात नेला नाही. म्हणालो, "आली? बरं." तो ट्रंकेमागे गेला. मी या बाजूला बसून राहिलो. थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "बाबा?" म्हणालो, "आहे इथेच." तेवढंच. डायपरमध्येच झालं, भांड्यात नव्हे. पण त्या संध्याकाळइतकं बापपण मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

सुट्टी संपली तेव्हा उद्दिष्टाच्या रकान्यात शून्य होतं. स्टेशनवर बायकोच्या हातात डायरी दिली. पोरानं धुक्यात हात हलवला. मी पुन्हा पास ओलांडून पलीकडे गेलो.

पुढचं सगळं माझ्याविना झालं. थंडी गेली, सुती चड्ड्या निघाल्या, तेव्हा तिनं भांडं माळ्यावरून काढून नुसतं कोपऱ्यात ठेवलं. आमच्या क्वार्टरचा कमोड उंच, त्यावर पाय लोंबकळले की मुलांना जोर लावता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे एक लाकडी खोकंही ठेवलं. प्ले स्कूलचा प्रवेश तिनं जुलैवर ढकलला. फोनवर ती थोडंफार सांगायची, पण लाइन मिळायची आठवड्यातून एकदा. खरं मी वाचलं ते जूनमध्ये घरी आल्यावर. माझ्या नोंदींच्या खाली तिनं लिहिलं होतं:

"८ एप्रिल. आजपासून दिवसा चड्डी. सकाळी तीन वेळा ओली. दुपारी कोरडा."

"९ एप्रिल. भांड्यात एकदा! स्वतःच टाळ्या वाजवल्या."

"१३ एप्रिल. बैसाखी. शेजारी गेलो, त्यांच्या सोफ्यावर. काही बोलले नाही, पुसून घेतलं. त्या बाई म्हणाल्या, होतं असं."

"१७ एप्रिल. दोन दिवस नकोच म्हणतोय. आग्रह केला नाही."

"२१ एप्रिल. 'गाडी आली' म्हणाला आणि माझी वाट न बघता गेला. मी कणीक मळत होते. हात तसेच घेऊन धावले. झालं होतं. तुम्ही असायला हवे होतात."

त्या शेवटच्या वाक्यावर मी किती वेळ बोट ठेवून होतो, सांगता येत नाही.

रात्रीचा डायपर चार वर्षांचा होईपर्यंत चालला आणि त्याचं कुणी काही केलं नाही. रात्रीचा ताबा वेगळा, तो शिकवून येत नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा काही आजार नाही. पुढच्या वर्षी आमची राजस्थानात बदली झाली तेव्हा पंधरा दिवस पुन्हा चड्ड्या ओल्या झाल्या. फौजेच्या घरात 'स्थिर काळ' नावाची गोष्ट क्वचितच मिळते, म्हणून आम्ही एक नियम केला: नव्या क्वार्टरमध्ये पहिली ट्रंक उघडायची ती भांड्याची. ओळखीची वस्तू ओळखीच्या कोपऱ्यात दिसली की पोरांना धीर येतो. बहुतेक वेळा एवढ्यानं निभावतं. पण महिनोन् महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक आणि सतत ओलं व्हायला लागलं, शू करताना रडलं, शीत रक्त दिसलं, किंवा चार वर्षांनंतरही दिवसाचा ताबा येत नसेल, तर मात्र अंदाज बांधत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

हे सगळं मी मेजरला त्या रात्री सांगितलं नाही. बदक टेबलावरून उचलून त्याच्या हातात दिलं आणि फक्त विचारलं, "तुझी मुलगी दुपारी झोपून उठते तेव्हा कोरडी असते का?"

तो गोंधळला. "सर... बायकोला विचारून सांगतो."

"विचारू नकोस," मी म्हटलं. "जाऊन बघ. आणि बदक काही दिवस नुसतंच ठेव."

तो गेल्या सोमवारी परतला. रिपोर्ट करायला आला, सुट्टी कशी झाली वगैरे झालं. दारापर्यंत गेला आणि वळला.

"सर, बदक अजून कोरंच आहे. ती त्याच्यावर बाहुली बसवते."

"बरं."

"पण दुपारची कोरडी उठते, सर. वीसपैकी तेरा दिवस."